वाय-फायशिवाय लॅपटॉप ऑनलाइन आणताना या चुका टाळा

लॅपटॉपचे वाय-फाय कार्ड बंद पडले, घरात राउटरच नाही किंवा नव्याने टाकलेल्या विंडोजला वाय-फायचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, सापडत नाही, अशा वेळी इंटरनेट मिळवण्याचे मार्ग मोजकेच आहेत. फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग करावे, म्हणजे फोनचे इंटरनेट लॅपटॉपला द्यावे, राउटरपासून लॅन केबल ओढावी, ब्लूटूथवरून फोनचा डेटा घ्यावा किंवा यूएसबीत लावायचे सिमचे डोंगल लावावे. यांतला एकही मार्ग अवघड नाही. तरीही तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्तीचे काम करताना माझ्या टेबलावर या तक्रारीचे जे लॅपटॉप येतात, त्यांतील बहुतेकांत बिघाड असा नसतोच. जोडणीत एखादी साधी चूक असते, आणि ती शोधण्याआधीच मालकाने कोणाच्या तरी सांगण्यावरून विंडोज पुन्हा टाकून घेतलेली असते. नेट चालत नाही म्हणून फॉरमॅट मारणे मला मुळीच मान्य नाही. त्यात घरच्यांचे फोटो आणि दुकानाचे हिशेब जातात, आणि चूक केबलमध्ये असेल तर ती जागच्या जागी राहते.

चार्जिंगची केबल आणि डेटाची केबल

यूएसबी टेदरिंगच्या तक्रारींत सर्वांत जास्त वेळा दोष सापडतो तो केबलमध्ये. साध्या यूएसबी केबलच्या आत चार तारा असतात. लाल आणि काळी वीज नेतात, पांढरी आणि हिरवी माहिती नेतात. बाजारात मिळणाऱ्या कित्येक स्वस्त केबलींमध्ये, तसेच पॉवर बँक किंवा ट्रिमरसोबत आलेल्या केबलींमध्ये, पांढरी आणि हिरवी तार घातलेलीच नसते. अशा केबलने फोन चार्ज होतो, त्यामुळे माणसाला केबल चांगली आहे असे वाटते. मात्र फोनच्या सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉट व टेदरिंगच्या पानावर ‘यूएसबी टेदरिंग’ हा पर्याय पुसट दिसतो आणि दाबला जात नाही. तो पुसट दिसत असेल, तर आधी केबल बदलावी. फोनमधील फाइल्स लॅपटॉपवर उघडून पाहाव्यात. त्या दिसल्या तर केबल डेटाची आहे. माझ्या पिशवीत हिरवी चिकटपट्टी गुंडाळलेली एक केबल कायम असते आणि ती मी कोणालाही चार्जिंगसाठी देत नाही.

केबल लावण्याआधी टेदरिंग सुरू करता येत नाही आणि केबल निघाली की ते आपोआप बंद होते, त्यामुळे केबल पुन्हा लावल्यावर पर्यायही पुन्हा सुरू करावा लागतो. आयफोन विंडोजला जोडायचा असेल तर ॲपलचे सॉफ्टवेअर आधी लॅपटॉपवर असावे लागते, आणि फोनच्या पडद्यावर या संगणकावर विश्वास ठेवायचा का असा प्रश्न येतो, त्याला होकार द्यावा लागतो. घाईत नकार देऊन मग तासभर केबल हलवत बसलेली माणसे मी पाहिली आहेत. मॅकबुकला जुना अँड्रॉइड फोन जोडल्यास बहुधा काहीच घडत नाही, कारण त्या फोनांची टेदरिंगची पद्धत मॅक मुळात ओळखत नाही. तिथे ब्लूटूथचा मार्ग धरावा.

फार थोड्यांना ठाऊक असलेली एक सोय इथेच सांगतो. अँड्रॉइड फोन स्वतः वाय-फायला जोडलेला असेल, तर यूएसबी टेदरिंगने तो तेच वाय-फायचे इंटरनेट लॅपटॉपला पुरवतो आणि सिमचा डेटा खर्च होत नाही. लॅपटॉपला वाय-फायचा ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही, आणि नेट नाही म्हणून ड्रायव्हर उतरवता येत नाही, हा पेच यातून पाच मिनिटांत सुटतो. विंडोज १० आणि ११ मध्ये अँड्रॉइड टेदरिंगसाठी लागणारा ड्रायव्हर आधीच असतो. यासाठी पेन ड्राइव्ह घेऊन गावभर फिरण्याची गरज नाही.

दिवसाचा डेटा कोण खातो

ही चूक मला सर्वांत जास्त लागते, कारण तिची किंमत मी एका मुलीला मोजताना पाहिली आहे. अभियांत्रिकी प्रवेशाचा पसंतीक्रम भरण्याचा शेवटचा दिवस होता. ती आणि तिचे वडील सायंकाळी लॅपटॉप घेऊन आले. त्यांच्या घरी राउटर नव्हता, म्हणून दुपारी त्यांनी वडिलांच्या फोनवरून यूएसबी टेदरिंग केले होते, आणि ते अगदी बरोबर केले होते. लॅपटॉप नवा होता आणि खरेदीनंतर बरेच दिवस नेटला न जोडता तसाच ठेवलेला होता. फोनचा रिचार्ज रोज दीड जीबीचा. अर्ध्या तासात पान उघडेनासे झाले, कॅप्चाचे चित्र दिसेना. त्यांना वाटले, संकेतस्थळावर गर्दी आहे. म्हणून ते दोन तास पान पुन्हा पुन्हा ताजे करत बसले.

मी सेटिंग्जमध्ये डेटा वापराचे पान उघडले आणि कारण समोर आले. विंडोज अपडेट आणि फाइल्स इंटरनेटवर चढवून ठेवणारे वनड्राइव्ह यांनी मिळून जवळजवळ सगळा डेटा संपवला होता, आणि मुलीच्या ब्राउझरच्या वाट्याला पन्नास एमबीसुद्धा आले नव्हते. रोजचा कोटा संपला की अनेक रिचार्जमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. या वेगाने एक एमबी उतरायला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागतो. प्रवेशाचे पान त्यात उघडणार कसे? वडिलांनी जादा डेटाचे व्हाउचर टाकले, मी दोन्ही गोष्टी थांबवल्या आणि मुदतीच्या आत यादी निश्चित झाली. परंतु दुपारभर विचार करून ठरवलेला क्रम ती घाईत अर्धवटच नोंदवू शकली.

कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. यूएसबीने जोडलेला फोन विंडोजला इथरनेटसारखा दिसतो, आणि इथरनेट म्हणजे घरची अमर्याद जोडणी असे विंडोज गृहीत धरते. म्हणून टेदरिंग सुरू होताच, ब्राउझर उघडण्याआधी, सेटिंग्जमध्ये नेटवर्क व इंटरनेटच्या पानावर इथरनेटमध्ये जाऊन ‘मीटर्ड कनेक्शन’ सुरू करावे. मग विंडोज बहुतेक मोठी डाउनलोड स्वतःहून रोखून धरते. काही फोन दरवेळी नवे नेटवर्क म्हणून नोंदले जातात, त्यामुळे काल केलेली निवड आज टिकली आहे की नाही हे रोज पाहावे. वनड्राइव्ह आणि गूगल ड्राइव्ह हातानेच थांबवावेत. अपडेट कायमचे बंद करणारी फुकट सॉफ्टवेअरे मात्र टाकू नयेत. सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद करून डेटा वाचवणे हा चुकीचा व्यवहार आहे.

आठही दिवे लागले म्हणजे लॅन केबल बरोबर, असे नाही

लॅन केबलचा विषय आला की केबल तपासण्याच्या यंत्राचे, म्हणजे टेस्टरचे, आठ दिवे क्रमाने लागले, आता केबलकडे बघायचे नाही, असे मला हमखास ऐकवले जाते. हाच समज एका छोट्या संगणक वर्गात महिनाभर गोंधळ घालत होता. खालच्या मजल्यावरील राउटरपासून वर वर्गापर्यंत सुमारे चाळीस मीटर केबल ओढलेली होती. लॅपटॉपच्या पोर्टचा दिवा लागे, साधे पान उघडे, पण मोठी फाइल उतरवताना मध्येच अडके आणि व्हिडिओ कॉल तुटे. राउटर बदलून झाला होता. लॅपटॉपची विंडोज दोनदा टाकून झाली होती. केबलला मात्र कोणी हात लावला नव्हता, कारण टेस्टरने तिला पास केले होते.

मी पारदर्शक जॅक उजेडात धरून रंग वाचले. नारिंगी-पांढरा, नारिंगी, हिरवा-पांढरा, हिरवा, निळा-पांढरा, निळा, तपकिरी-पांढरा, तपकिरी. दिसायला नीटनेटके, दोन्ही टोकांना सारखे, आणि तरी चूक. लॅन केबलमध्ये आठ तारांच्या चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडी एकमेकींभोवती पिळलेली असते. हा पीळ शोभेचा नाही. एका जोडीतील संदेशाचा त्रास शेजारच्या जोडीला होऊ नये म्हणून तो असतो. जॅकमध्ये पहिली व दुसरी पिन एका जोडीची, तिसरी व सहावी दुसऱ्या जोडीची, चौथी व पाचवी तिसऱ्या जोडीची आणि सातवी व आठवी चौथ्या जोडीची असावी लागते. रंग सरळ ओळीने लावले की तिसऱ्या पिनवर हिरव्या जोडीतील तार येते आणि सहाव्या पिनवर निळ्या जोडीतील. संदेश दोन वेगळ्या पिळांतून जातो आणि पिळाचा उपयोगच उरत नाही. टेस्टर फक्त एका टोकाची पिन दुसऱ्या टोकाच्या त्याच पिनला पोहोचते का एवढे पाहतो, म्हणून तो आठही दिवे दाखवतो. हात-दीड हाताच्या केबलवर ही चूक बऱ्याचदा खपून जाते. चाळीस मीटरवर ती खपली नाही.

दोन्ही जॅक कापून मी ५६८बी या क्रमाने पुन्हा लावले: नारिंगी-पांढरा, नारिंगी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी. दहा मिनिटांचे काम होते. त्या दिवसापासून तिथे कॉल तुटल्याची तक्रार आली नाही. जॅक लावताना पीळ गरजेपेक्षा जास्त उलगडू नये आणि बाहेरचे आवरण जॅकच्या आत दाबले गेलेले असावे, नाहीतर केबल ओढली गेली की तारा सुटतात. हा क्रम पाठ होईपर्यंत कागदावर लिहून समोर ठेवावा. शिकाऊ मुलांना कागद समोर ठेवण्यात कमीपणा वाटतो. मला त्यात काही गैर दिसत नाही.

केबल विकत घेताना आतील तार ब्लेडने किंचित खरवडून पाहावी. वरून तांबूस आणि आतून पांढरी निघाली, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे. ती वाकवली की लवकर तुटते. राउटर ते लॅपटॉप हे अंतर शंभर मीटरच्या आत असावे. प्लॅन ३०० एमबीपीएसचा असूनही लॅनवर ९५च्या आसपासच वेग येत असेल, तर निळ्या किंवा तपकिरी जोडीतील एखादी तार तुटलेली असू शकते, कारण १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात आणि गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, चारही लागतात. यूएसबी ते लॅन ॲडॉप्टर वापरत असाल तर तो १०० एमबीपीएसचाच तर नाही ना, हेही पाहावे. जॅकचा खटका तुटला असेल तर तो जॅक बदलावा. कागदाची घडी खोचून तो बसवू नये.

बाकीच्या चुका थोडक्यात

लॅपटॉपची केबल राउटरच्या लॅन पोर्टमध्येच लावावी. वेगळ्या रंगाचा वॅन पोर्ट बाहेरून येणाऱ्या जोडणीसाठी असतो.

लॅपटॉपचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरील त्याचा क्रमांक, १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर लॅपटॉपला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही आणि त्याने तो स्वतःच घेतला आहे. अशा वेळी ब्राउझर बदलून काही उपयोग नाही. केबल, पोर्ट आणि राउटर पाहावेत.

कार्यालयातून घरी आणलेल्या लॅपटॉपमध्ये पुष्कळदा तिथला आयपी पत्ता हाताने भरलेला असतो. तो कागदावर उतरवून घ्यावा आणि मगच पत्ता आपोआप घेण्याचा पर्याय निवडावा. न लिहिता बदलणारे सोमवारी सकाळी मला फोन करतात.

राउटर न लावता सेवा पुरवठादाराची केबल थेट लॅपटॉपला जोडली, तर अनेक ठिकाणी पीपीपीओई पद्धतीने नाव व पासवर्ड भरून ब्रॉडबँड कनेक्शन तयार करावे लागते. अशी थेट जोडणी करताना नेटवर्कचा प्रकार ‘पब्लिक’ ठेवावा आणि फायरवॉल बंद करू नये.

ब्लूटूथ टेदरिंगचा वेग फार तर एक-दोन एमबीपीएस मिळतो. मेल पाठवण्यास आणि साधा अर्ज भरण्यास तो पुरतो. त्यावर व्हिडिओ बघायला बसू नये.

कपाटातील जुने ३जी डोंगल बाहेर काढण्याआधी हे लक्षात घ्यावे की २०१६मध्ये सुरू झालेल्या जिओने आपले जाळे ४जीवरच उभारले, त्यामुळे तिचे सिम ३जी डोंगलमध्ये चालत नाही. नव्या डोंगलमध्ये सिम बदलल्यास एपीएन, म्हणजे सिमच्या कंपनीच्या इंटरनेटसाठी सेटिंग्जमध्ये भरायचे नाव, हेही बदलावे लागू शकते.

वळवाचा पाऊस आणि लावून ठेवलेली केबल

मे महिन्यात आणि पुन्हा परतीच्या पावसात माझ्याकडे लॅन पोर्ट जळालेले लॅपटॉप येतात. गच्चीवरून किंवा दोन इमारतींमधून गेलेली लॅन केबल तांब्याची असते आणि जवळपास वीज पडली की तिच्यात दाब चढतो. राउटरचे बटण बंद असले तरी केबल जोडलेलीच राहते, त्यामुळे पोर्ट वाचत नाही. घरी फायबर आहे म्हणून निर्धास्त असणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे: काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, पण फायबरच्या डब्यापासून पुढे लॅपटॉपपर्यंतची केबल तांब्याचीच असते आणि डब्याचा ॲडॉप्टर घरच्या विजेवर लावलेला असतो. आभाळ भरून आले की मी आधी लॅपटॉपच्या बाजूचा जॅक काढतो, मग दोन्ही ॲडॉप्टर सॉकेटमधून उपसतो, आणि तातडीचे काम असेल तर हिरव्या पट्टीच्या केबलने फोन जोडून लॅपटॉप बॅटरीवर चालवतो.