जून उजाडायच्या आत: विभागाच्या कार्यालयाची तयारी

प्रवेश सुरू झाले की विभागाच्या कार्यालयात मान वर करायला सवड मिळत नाही. ही जुळवाजुळव मे महिन्यातच उरका. शिकवायला प्राध्यापक आहेत, सह्यांना विभागप्रमुख आहेत; पण सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याहून आलेल्या पोराची शिष्यवृत्ती वेळेत मिळते की अडकते, हे बरंचसं तुमच्या टेबलावर ठरतं.

गुणपत्रिका, टीसी, फोटो हे सांगायला नको. दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्याकडे स्थलांतर प्रमाणपत्र सुरुवातीलाच मागा, नाहीतर पात्रतेचं प्रकरण परीक्षेपर्यंत लोंबकळतं. शिक्षणात खंड असेल तर प्रतिज्ञापत्र. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाचा हवा, तलाठ्याचा चालत नाही. त्याची आणि नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून शिक्का बघून पुढे सरकू नका, तारीख वाचा. अनुसूचित जाती-जमातीच्या शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख आहे. त्यावर असेल तर फ्रीशिपचा, म्हणजे शुल्कमाफीचा अर्ज.

आता आधार आणि बँक. मागच्या प्रवेशात नेमकं हेच तपासायचं राहिलं आणि मंजूर झालेले पैसेही मुलांच्या हाती पडेनात. आधारवरून जमा होणारी रक्कम पासबुक दाखवलेल्या खात्यात जाईलच असं नाही. आधारला शेवटी जे खातं जोडलं गेलं, तिथे ती जाते. म्हणून पासबुकाची झेरॉक्स लावून फाईल बंद करू नका. बँकेत केवायसीसाठी आधार दिलं होतं, असं मुलं सांगतील. केवायसी म्हणजे सीडिंग, म्हणजे पैसे जमा होण्यासाठी खातं आधारला जोडणं, नव्हे. त्यासाठी शाखेत वेगळा संमतीचा अर्ज द्यावा लागतो. आधारच्या संकेतस्थळावर सीडिंगची स्थिती दिसते: विद्यार्थ्याला समोर बसवा, ओटीपी घ्या, बँकेचं नाव मोठ्याने वाचा आणि ते खातं आज चालू आहे का हे विचारा. शाळेत असताना उघडलेलं, नंतर व्यवहारच न झालेलं खातं जोडलेलं असतं, आणि मुलाला ते आठवतही नाही. मोबाईल नंबर बदलला असेल तर ओटीपी येणार नाही, त्याला आधी आधार केंद्रात पाठवा. हे सगळं प्रवेशाच्या दिवशीच करा. पेरणीच्या दिवसांत सातपुड्यातून पुन्हा यायचं म्हणजे घरातलं एक माणूस शेतातून कमी होतं आणि एसटीचं भाडं वेगळं. सीडिंग बघितल्याशिवाय पोराला परत पाठवू नका.

शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज भरला म्हणजे काम झालं, असं समजू नका. तो आधी लिपिकाच्या, मग संस्थाप्रमुखाच्या लॉगिनमधून पुढे जायला हवा, तेव्हाच समाजकल्याण किंवा आदिवासी प्रकल्प कार्यालयापर्यंत पोचतो. दोन्ही लॉगिन चालतात का, पासवर्ड कोणाकडे आहेत, हे मे महिन्यातच बघा. बदली झालेल्या माणसाच्या मोबाईलवर ओटीपी जात असेल तर नंबर बदलून घ्या. त्रुटी काढून परत आलेल्या अर्जाची खबर मुलाला तुम्ही फोन करून द्या. डोंगरात रेंज नसते, तेव्हा घरच्यांचा किंवा गावातल्या कोणाचा नंबरही लिहून ठेवा.

पुढचं थोडक्यात. एबीसी आयडी (विद्यार्थ्याचे श्रेयांक जमा होणाऱ्या खात्याचा क्रमांक), परीक्षा अर्ज, हजेरीपट, वेळापत्रक: तारखा भिंतीवर लावा. दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्तीचं नूतनीकरण आपोआप होईल असं धरून चालू नका, आणि तेव्हाही सीडिंग तपासायचं.