मणक्यातील इम्प्लांटच्या जंतुसंसर्गाचे उंदरांमधील मॉडेल कसे उभारावे

मणक्यात बसवलेल्या स्क्रू-सळ्यांना जंतुसंसर्ग झाला, की जिवाणू धातूवर बायोफिल्मचा, म्हणजे एकमेकांना चिकटून राहिलेल्या जिवाणूंचा चिकट थर धरतात आणि त्या थरात प्रतिजैविकांचा प्रभाव फारच कमी पडतो. म्हणून प्राण्यामधील मॉडेलमध्ये, म्हणजे असा संसर्ग प्राण्यात मुद्दाम घडवून अभ्यासताना, नुसता संसर्ग होणे पुरेसे नाही. तो इम्प्लांटपाशी आठवडेच्या आठवडे टिकला पाहिजे आणि तरीही संसर्ग रक्तात पसरून प्राणी दगावता कामा नये.

आधी प्रश्न ठरवावा, मग प्राणी निवडावा. खऱ्या शस्त्रक्रियेसारखी मोठी जखम किंवा प्रतिबंधक औषधाची परिणामकारकता तपासायची असेल तर ससा सोयीचा. मात्र तोंडावाटे दिलेल्या काही प्रतिजैविकांनी सशाच्या आतड्यांना जीवघेणा त्रास होतो, हे आखणी करतानाच ध्यानात घ्यावे. त्याच प्राण्यात संसर्गाचा रोजचा चढउतार पाहायचा असेल तर उंदीर घ्यावा. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका मॉडेलमध्ये उंदराच्या कमरेच्या मणक्याच्या मागच्या टोकदार हाडात पोलादी तार बसवून त्यावर प्रकाश देणारे स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे जिवाणू सोडले आणि 35 दिवस कॅमेऱ्याने पाठपुरावा केला.

सर्वांत जास्त वेळ जिवाणूंच्या मात्रेवर खर्च करावा. परकी वस्तू शरीरात असली की फारच थोडे जिवाणू संसर्गाला पुरतात. त्यामुळे उगाच लाखोंची मात्रा दिल्यास रुग्णांशी साधर्म्य उरत नाही, जखम उसवते आणि प्राण्याचे हाल होतात. शंभर, हजार, दहा हजार अशा चढत्या मात्रा छोट्या गटांत तपासाव्यात, आणि इम्प्लांट आहे पण जिवाणू नाहीत असा गट नक्की ठेवावा, अन्यथा शस्त्रक्रियेमुळे आलेली सूज संसर्ग म्हणून मोजली जाईल.

प्रकाश मंदावला म्हणजे जिवाणू मेले, असा निष्कर्ष काढू नये. तो प्रकाश सक्रिय जिवाणूंचा असतो; बायोफिल्ममधील सुस्त जिवाणू जिवंत असूनही अंधारात राहतात. म्हणून प्रयोगाच्या शेवटी तार काढून ध्वनिलहरींनी तिच्यावरचे जिवाणू सुटे करावेत, सभोवतालच्या ऊतींचे वेगळे कल्चर करावे, म्हणजे त्यांतील जिवाणू प्रयोगशाळेत वाढवावेत, आणि दोन्हींच्या वसाहती मोजाव्यात.

भारतात यासाठी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची पूर्वमंजुरी लागते. वेदनाशामक सर्व गटांना सारखेच द्यावे, आणि वजन किती घटले किंवा पाय लुळे पडले की प्राण्याला वेदनारहित मृत्यू द्यायचा, हे पहिल्या शस्त्रक्रियेपूर्वीच लिहून ठेवावे.