आसाका यासुहिको : जपानी राजपुत्र-सेनानीचं चरित्र मराठीत लिहिताना

दिवाळी अंकासाठी लेख असो की दादरच्या एखाद्या वाचनालयातलं व्याख्यान, आसाका यासुहिकोवर (1887–1981) लिहिणाऱ्याचा पहिला घोटाळा नावातच होतो. जपानी शाही कुटुंबाला आडनाव नसतं. 'आसाका-नो-मिया' ही 1906 साली मेइजी सम्राटाने काढून दिलेली नवी शाखा. 'आसाका' हे आडनाव झालं ते ऑक्टोबर 1947 मध्ये शाही दर्जा गेल्यावर. म्हणून 'आसाका घराण्यात जन्म' लिहू नका. जन्म क्योटोचा, कुनी घराण्यातला. ऑगस्ट 1945 मध्ये पंतप्रधान झालेला हिगाशिकुनी नारुहिको हा त्याचा सावत्र भाऊ, तोही जनरल आणि तोही 1887चाच. आसाका 20 ऑक्टोबरचा, हिगाशिकुनी 3 डिसेंबरचा, हे वहीच्या पहिल्याच पानावर टिपा.

जपानी कागदांवर त्या-त्या सम्राटाच्या राजवटीचं वर्ष असतं. मेइजी असेल तर 1867 मिळवा, ताइशोला 1911, शोवाला 1925. शोवा 12 म्हणजे 1937. वय मात्र कधीच उतरवून घेऊ नका, जन्मतारखेवरून काढा. जुन्या रीतीत जन्मताच एक वर्ष धरत आणि दर नववर्षाला एक वाढवत, त्यामुळे आकडा एक-दोनने फुगतो. जनरलच्या हुद्द्यालाही 'ताइशो'च म्हणतात, लिपीत तेवढा फरक. 1939 शेजारी 'ताइशो' दिसलं तर तो हुद्दा समजा. ती राजवट 1926 सालीच संपली होती, आणि आसाका जनरल झाला 1939 मध्ये.

आता डिसेंबर 1937. इथे घाई करू नका, या चरित्राचं सगळं वजन या दिवसांवर आहे. लिहायच्या आधी अधिकारांची उतरंड कागदावर काढा : वर मात्सुई इवाने, मध्य चीन क्षेत्र सैन्याचा प्रमुख, त्याच्या हाताखाली शांघाय मोहीम सैन्य, ज्याची सूत्रं 2 डिसेंबरला आसाकाकडे आली. 13 तारखेला नानजिंग, चीनची तेव्हाची राजधानी, जपानी सैन्याच्या हाती पडलं आणि कत्तल सुरू झाली. कैद्यांना ठार मारण्याचा आदेश आसाकाच्या मुख्यालयातून गेला असं सांगितलं जातं, पण तो खुद्द त्याने दिला का, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात मांडा. नुसती पहिली लिहिली तर तो आरोपच निकाल ठरतो, आणि नुसती दुसरी लिहिली तर त्या शहरात त्याच्याच सैन्याने जे केलं त्याची जबाबदारी हवेत विरते.

टोकियोतल्या युद्धगुन्हे खटल्यानंतर मात्सुईला 23 डिसेंबर 1948 रोजी फाशी झाली, आसाकावर खटलाच चालला नाही; शाही कुटुंबाला त्यातून वगळलं गेलं. आपल्याकडे या टप्प्यावर त्या खटल्यातले भारतीय न्यायाधीश राधाबिनोद पाल यांचा दाखला हमखास येतो. त्यांनी सर्व आरोपींना निर्दोष ठरवलं हे खरं, पण नानजिंगमध्ये अत्याचार झाले हे त्यांनी नाकारलं नव्हतं. अर्धा दाखला देऊ नका.

टोकियोतलं त्याचं 1933चं आर्ट डेको घर मुंबईच्या श्रोत्यांना लगेच आपलंसं वाटेल, कारण मरीन ड्राइव्हच्या इमारतीही त्याच शैलीतल्या. ही आवड पॅरिसमधली. फ्रान्समध्येच 1 एप्रिल 1923च्या मोटार अपघातात किताशिराकावा हा राजपुत्र गेला आणि आसाका कायमचा लंगडू लागला. त्या टोकियोतल्या घरात आज तेइएन कलासंग्रहालय आहे. दारातल्या, लालिक या फ्रेंच काच-कलाकाराच्या काचांचा फोटो जरूर दाखवा, फक्त नानजिंगनंतर. आधी दाखवलात तर पुढची सगळी प्रश्नोत्तरं घरावरच होतात.