कंपन करणाऱ्या यंत्रावर केबलला आधार देताना या चुका टाळा

खडी क्रशरला दगड पुरवणाऱ्या फीडरवरील व्हायब्रो मोटरची (त्याला कंपन देणाऱ्या मोटरची) केबल तुटली की बहुतेक ठिकाणी दोष केबलच्या दर्जाला दिला जातो आणि त्याच मार्गाने, त्याच क्लॅम्पमधून आधीपेक्षा महाग केबल ओढली जाते. तीही काही दिवसांनी नेमकी तिथेच तुटते, कारण केबल ज्याला बांधली आहे ते यंत्राच्या कोणत्या भागाबरोबर हलते, हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. केबल घट्ट बांधणे पुरेसे नाही. ती ज्याच्याबरोबर हलायला हवी त्यालाच घट्ट बांधली पाहिजे, आणि दोन भागांमधील हालचालीसाठी जागा आपण ठरवून सोडली पाहिजे.

आधी बळांचा अंदाज घेऊ. सहा पोलची व्हायब्रो मोटर मिनिटाला साधारण ९६० फेरे घेते, म्हणजे फीडर सेकंदाला १६ वेळा (१६ हर्ट्झ) मागे-पुढे होतो. एकूण स्ट्रोक (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची हालचाल) ८ मिलिमीटर धरला तर त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे चौपट येते. म्हणून ज्या क्लॅम्पवर एरवी अर्धा किलो केबलचा भार असतो, त्याला प्रत्येक फेऱ्यात सुमारे दोन किलोचा हिसका एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने सोसावा लागतो. आठ तासांच्या एका पाळीत असे साडेचार लाखांहून अधिक फेरे होतात. नुसत्या वजनाच्या हिशेबाने निवडलेला पत्र्याचा क्लॅम्प इथे का टिकत नाही, हे यावरून लक्षात यावे.

हलता आणि स्थिर भाग सरळ केबलने जोडणे

सर्वाधिक केबली या एका चुकीमुळे जातात. मोटरच्या टर्मिनल बॉक्समधून निघालेली केबल सरळ बाजूच्या स्थिर अँगलवर नेऊन बांधली, की स्प्रिंगवर बसलेल्या फीडरची सगळी हालचाल केबल बॉक्समध्ये शिरते तिथे बसवलेल्या ग्लँडच्या तोंडाशी एकवटते आणि तांब्याच्या तारा तिथेच एकेक करून तुटू लागतात. ग्लँड धूळ-पाणी रोखण्यासाठी आणि केबल ओढली जाऊ नये यासाठी असते. केबलचे वजन आणि हिसके झेलण्याचे काम तिचे नव्हे. म्हणून पहिला क्लॅम्प ग्लँडपासून वीतभर अंतरात, पण मोटर ज्या भागावर बसली आहे त्याच हलत्या भागावर असावा; दुसरा स्थिर सांगाड्यावर असावा; आणि या दोहोंच्या मध्ये केबलचा खाली लोंबणारा मोकळा वळसा असावा, जो कशालाही घासणार नाही.

हा वळसा किती मोठा ठेवायचा, हे यंत्र चालू असताना पाहून ठरवू नये. स्प्रिंगवरचे यंत्र बंद होताना त्याचा वेग स्प्रिंगच्या नैसर्गिक वारंवारितेतून (ज्या गतीला कंपन आपोआप वाढते तिच्यातून) खाली उतरतो आणि तेवढ्या काही सेकंदांत ते चालू असतानापेक्षा कितीतरी अधिक हेलकावते. वळसा त्या हेलकाव्याला पुरला पाहिजे. डिझेल जनरेटर बंद होतानाचा धक्काही याच जातीचा आहे. वळशासाठी आयएस ८१३० या भारतीय मानकातील वर्ग ५ च्या बारीक तारांची, रबरी आवरणाची लवचीक केबल घ्यावी. आर्मर्ड (धातूचे कवच असलेली) केबल या वळशात वापरूच नये. ती स्थिर सांगाड्यावरील जंक्शन बॉक्समध्ये संपवावी आणि तिथून पुढे लवचीक केबल न्यावी. खर्च एका बॉक्सचा वाढतो, पण कंत्राटदार नेमका तोच वाचवतो.

दोन आधारांमधील अंतर डोळ्यांनी ठरवणे

दोन क्लॅम्पमधील केबललाही स्वतःची नैसर्गिक वारंवारिता असते आणि ती यंत्राच्या वारंवारितेशी जुळली, तर यंत्र बेताचे हलत असतानाही मधली केबल जोरात फडफडते. अंतर दुप्पट केले की ताठ केबलची ही वारंवारिता साधारण चौथ्या हिश्श्यावर येते. त्यामुळे फडफडणाऱ्या भागात एक क्लॅम्प वाढवणे हा बहुधा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. ५० हर्ट्झच्या जनरेटरचे सहा सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर फिरताना केवळ २५ हर्ट्झ नव्हे, तर ज्वलनामुळे ७५ हर्ट्झचेही कंपन देते, हेही ध्यानात असू द्यावे. इंजिनावरील बारीक नियंत्रण-वायरिंगसाठी विमान क्षेत्रातील एक कसोटी उपयोगी पडते: अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या एसी ४३.१३-१बी या मार्गदर्शिकेनुसार दोन आधारांमधील वायर हाताने साधारण जोर लावून ढकलली असता अर्ध्या इंचाहून अधिक सरकू नये. मात्र आधार हवा म्हणून डिझेलच्या नळीला वायर बांधणे हा शुद्ध धोका आहे.

क्लॅम्प आणि बोल्ट

प्लॅस्टिकचा केबल टाय वायरी एकत्र ठेवण्यासाठी ठीक आहे. पॉवर केबलचा भार त्याच्यावर टाकू नये. साधा नायलॉन टाय इंजिनाच्या उष्णतेत ठिसूळ होतो आणि त्याची कडा आवरणात रुतते. रबरी अस्तराचा पी-क्लॅम्प (इंग्रजी P च्या आकाराचा) केबलच्या व्यासाला नेमका बसणारा घ्यावा, कारण सैल क्लॅम्पमध्ये केबल घासते, तर लहान क्लॅम्प ओढून बसवला की त्याचे पाय पूर्ण मिटत नाहीत. रबराची कड बोल्टखाली मात्र येऊ देऊ नये: रबर दबत जाते, बोल्टचा ताण उतरतो, आणि मग कितीही वेळा आवळले तरी तो सैलच सापडतो. जाड रंगाच्या थरावर आवळलेल्या बोल्टचेही हेच होते.

स्प्रिंग वॉशर घातला म्हणजे बोल्ट सुटणार नाही, ही समजूत अजून जाता जात नाही. अभियंते गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले की बोल्टच्या आडव्या दिशेने जोड घसरू लागला की आट्यांमधील घर्षण क्षणभर सुटते आणि नट आपोआप उलटा फिरू लागतो. पूर्ण चपटा झालेला स्प्रिंग वॉशर हे थांबवू शकत नाही. नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेला) खाली पडत नाही, पण ताण तोही पूर्णपणे टिकवत नाही. खरा उपाय घसरणे थांबवण्यात आहे: ब्रॅकेटला एकाऐवजी दोन बोल्ट, स्वच्छ आणि सपाट बैठक, टॉर्क रेंचने दिलेला पुरेसा ताण, आणि त्यावर वेज-लॉक वॉशर (पाचरीसारख्या दात्यांच्या वॉशरांची जोडी). लांब, पातळ पट्टीचा ब्रॅकेट स्वतःच नाचतो. त्याची लांबी कमी करावी किंवा कडा दुमडून त्याला ताठपणा द्यावा. चाळणीच्या बाजूच्या प्लेटवर मात्र उत्पादकाच्या परवानगीशिवाय वेल्डिंग करू नये किंवा भोक पाडू नये, कारण तडे तिथूनच सुरू होतात.

दोष शोधताना

यंत्र चालू असतानाच अर्थ फॉल्टने (वीज जमिनीकडे गळल्याने) ट्रिप होते आणि बंद केल्यावर मेगर (इन्सुलेशन तपासणीचे रीडिंग) चांगला येतो, अशी तक्रार असेल, तर पुरवठा तोडून कुलूप लावावे, केबलची दोन्ही टोके सोडावीत आणि मेगर करत असताना सहकाऱ्याने रबरी हातमोजे घालून ग्लँडजवळ, प्रत्येक क्लॅम्पजवळ व वळशात केबल हलवून पाहावी. एखाद्या जागी रीडिंग कोसळले की आवरण तिथे घासले गेले आहे. फेज तुटत-जुळत असेल तर हीच तपासणी मल्टिमीटरने कंटिन्युइटी पाहून करावी. बोल्टभोवती तांबूस भुकटी दिसली तर तो जोड आतल्या आत घसरत आहे असे समजावे. ती भुकटी पुसून टाकण्याआधी फोटो काढावा. मोबाइलच्या सेकंदाला २४० चित्रांच्या स्लो-मोशनमध्ये १६ हर्ट्झची हालचाल स्पष्ट दिसते, पण ७५ हर्ट्झसाठी ती चित्रे अपुरी पडतात; तिथे स्ट्रोबोस्कोप (ठरावीक गतीने लुकलुकणारा दिवा) लागतो. दुरुस्तीनंतर प्रत्येक बोल्ट आणि त्याच्या बैठकीवरून रंगाची एक सलग रेघ ओढावी, म्हणजे पुढच्या पाळीच्या फिटरला पाना न लावता कोणता नट फिरला ते कळते.