वादळ काकिनाड्याला, ओली गंजी आपल्या वावरात

दसरा-दिवाळीच्या सुमारास बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ तयार झाल्याची बातमी आली की आपल्या नागपूरकडच्या टपरीवर ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "समुद्र कुठं अन् आपण कुठं!" मीही तेच म्हणायचो, 2021च्या सप्टेंबर अखेरपर्यंत.

त्या वर्षी 26 सप्टेंबरच्या संध्याकाळी 'गुलाब' वादळ आंध्रात कलिंगपट्टणमजवळ धडकलं. जमिनीवर आल्यावर वाऱ्याचा जोर ओसरला, बातम्यांतून नाव उतरलं, आणि पुढच्या दोन दिवसांत त्याचं उरलेलं पाणी तेलंगणावरून विदर्भ-मराठवाड्यात कोसळलं. उमरखेडजवळ पुलावरच्या पाण्यात एसटी वाहून गेली ती याच पावसात. तोच अवशेष पुढे अरबी समुद्रात उतरला, 'शाहीन' या नावानं पुन्हा उभा राहिला आणि 3 ऑक्टोबरला ओमानवर जाऊन आदळला. त्याच्या वाटेत आमची गंजी, म्हणजे कापलेल्या सोयाबीनचा रचलेला ढीग, होती.

गंजीवर ताडपत्री होती. नवी, चारी बाजूंनी दगड ठेवून दाबलेली. चूक एकच, गंजी उताराच्या खालच्या अंगाला, धुऱ्याला लागून लावली होती. वरून थेंबही आत गेला नाही, पाणी खालून शिरलं. तिसऱ्या दिवशी ताडपत्री उचलली तर तोंडावर वाफ आली आणि आंबूस वास. हात घातला तर आत गरम. तळच्या दीड हातातल्या शेंगा उकलून दाण्यांना पांढरे कोंब आलेले. वरचा माल विकला गेला, खालचा गुरांनीही नीट खाल्ला नाही.

किनाऱ्यावरच्या लोकांपुढे हे दुःख सांगायची लाज वाटावी. 29 ऑक्टोबर 1999ला ओडिशात पारादीपजवळ आलेल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. समुद्राचं पाणी गावांत आणि शेतांत घुसलं, आणि खारं पाणी शिरलेली जमीन पुढच्या पिकालाही त्रास देते. 2018च्या ऑक्टोबरात 'तितली'नं श्रीकाकुलमकडच्या उद्दानम भागातल्या नारळीच्या बागा झोपवल्या. आपल्याच राज्यात 3 जून 2020ला 'निसर्ग' श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनं चढलं आणि वाड्यांतल्या सुपाऱ्या काड्यांसारख्या मोडल्या. सुपारी नव्यानं लावली तर हाती यायला सहा-सात वर्षं जातात. तिथल्या लोकांना इशारा मिळतो, माणसं हलवता येतात, पण वाडी हलवता येत नाही. आपला कापलेला, वेचलेला, तोडलेला माल मात्र हलवता येतो. त्यासाठी वेळ किती, तेवढं ठाऊक हवं.

काकिनाडा किंवा विशाखापट्टणमपासून नागपूर सरळ रेषेत साडेपाचशे ते सहाशे किलोमीटर. वादळाची प्रणाली ताशी 15 ते 20 किलोमीटरनं सरकत आली तर तीस ते चाळीस तास. म्हणजे तिकडे वादळ धडकल्यापासून आपल्या हाती साधारण दीड दिवस. ढग त्याआधीच येतात, आणि प्रत्येक वादळ आपल्याकडे वळतंही नाही. ओडिशाला लागलेली बरीचशी वरच्या वर निघून जातात. आंध्राच्या उत्तर किनाऱ्याला लागून वायव्येकडे सरकणारं असेल तर मात्र कान टवकारावेत.

आणि एक. वाऱ्याचा वेग ताशी 62 किलोमीटरच्या खाली आला की हवामान खातं त्याला चक्रीवादळ म्हणत नाही. ते 'अतितीव्र कमी दाबाचं क्षेत्र' होतं, मग नुसतं 'कमी दाबाचं क्षेत्र', आणि टीव्हीवाले दुसऱ्या बातमीकडे वळतात. आपलं काम तिथूनच सुरू होतं. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हावार इशारा पाहावा. पिवळा असेल तर तयारीला लागा, नारिंगी दिसला तर उद्यावर काही ठेवू नका.

पहिला मान कापलेल्या पिकाला. सोयाबीन कापून पसरलेलं असेल तर गोळा करून वावरातल्या उंच जागी गंजी लावा. खाली लाकडं किंवा तुराट्या अंथरा, भोवती वीतभर खोल चर काढून त्याचं तोंड उताराकडे सोडा, मग ताडपत्री. पाऊस थांबून ऊन पडलं की ताडपत्री लगेच काढा. झाकून ठेवलेली ओली गंजी आतून तापते. मळणी होण्यासारखी असेल आणि मळणीयंत्र मिळत असेल तर आधी मळून घ्या, पण घाईत ओल्या दाण्याची पोती शिवून थप्पी मारू नका. घरात, ओसरीत पातळ पसरा. दाण्यातली ओल 12 टक्क्यांवर आल्याशिवाय साठवण नको. बियाण्यासाठी राखायचं सोयाबीन तर वेगळंच ठेवा. भिजलेल्या मालाची उगवण तपासल्याशिवाय ते पुढच्या जूनला पेरायचं धाडस करू नये.

मौदा, रामटेक, कुहीकडच्या आणि भंडारा-गोंदियाच्या धानवाल्यांसाठी: धान कापायला आलं असलं तरी इशारा असेल तर कापणी दोन-तीन दिवस थांबवा. उभं धान थोडं लोळेल, पण बांधीत (धानाच्या वाफ्यात) पडलेल्या कडपा, म्हणजे कापून आडव्या टाकलेल्या धानाच्या पेंढ्या, पाण्याखाली गेल्या तर लोंब्यांतच कोंब येतात. कापून झालंच असेल तर कडपा उचलून उंच जागी पुंजणे (रचलेले ढीग) घाला. भिजल्याच तर बांधीतलं पाणी काढा, कडपा उलटा आणि लिटरला 50 ग्रॅम मीठ विरघळवून त्या पाण्याची फवारणी करा. दाणा उगवायचा वेग त्यानं कमी होतो. किनाऱ्यावरचे शेतकरी वादळाच्या दिवसांत हा उपाय करतात, आपणही शिकायला हरकत नाही.

पऱ्हाटीवर (कपाशीच्या झाडावर) पूर्ण उमललेली बोंडं असतील तर इशारा येताच वेचून घ्या, मात्र दव सुकल्यावर. अर्धवट उमललेली ओढून काढू नका. पावसात भिजलेला कापूस आधीच्या कोरड्या कापसात मिसळला की सगळाच कवडीच्या भावात जातो. सरकारी खरेदीत 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, 12 टक्क्यांपर्यंत कपात आणि त्यावर खरेदीच नाही. म्हणून भिजलेला वेगळा वाळवा, वेगळा ठेवा. पावसानंतर कडक ऊन पडलं आणि झाडं एकदम माना टाकू लागली तर ती आकस्मिक मर. आधी वावरातलं पाणी काढा. मग 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरिया, 100 ग्रॅम पांढरं पोटॅश आणि 25 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून प्रत्येक झाडाला 100 मिली आळवणी करा, म्हणजे मुळाशी ओता. सुकायला लागल्यापासून एक-दोन दिवसांत केलं तर उपयोग, आठवड्यानं करून पैसा वाया.

आता संत्रा. काटोल-नरखेड-कळमेश्वरच्या कास्तकाराचा जीव इथेच अडकलेला असतो, कारण आंबिया बहाराचं (हिवाळ्याच्या शेवटी फुललेलं) फळ याच दिवसांत झाडावर रंग धरतं. वाऱ्यापेक्षा साचलेल्या पाण्याची भीती जास्त. दोन ओळींमधला चर जुलैत काढला असेलच, पण ऑक्टोबरपर्यंत तो गवतानं आणि गाळानं बुजतो. इशारा आल्यावर पहिलं फावडं तिथे चालवा. फळांनी वाकलेल्या फांद्यांना बांबूचे टेके द्या. जमिनीला टेकणाऱ्या फळांवर मातीचे शिंतोडे उडतात आणि फायटोफ्थोरा बुरशीनं ती तपकिरी पडून गळतात. गळालेली फळं झाडाखाली ठेवू नका, वेचून खड्ड्यात पुरा. पाऊस उघडल्यावर फोसेटिल-एएल किंवा मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेब या बुरशीनाशकांपैकी एक, लिटरला अडीच ग्रॅम, झाडावर आणि झाडाखालच्या जमिनीवर फवारा. फळं तोडणीला आली असतील तर औषधाचा प्रतीक्षा काळ (फवारणी ते तोडणीतलं अंतर) आधी वाचा. व्यापाऱ्याशी सौदा झाला असला तरी ओली फळं तोडू देऊ नका, क्रेटमध्ये दोन दिवसांत बुरशी धरते.

बुंध्यावर डिंक दिसला तर तेवढी साल खरवडून बोर्डो मलम लावा: एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळं भिजवा, लोखंडी बादली नको. तयार मलमात चकचकीत घासलेला विळा मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. दुकानातलं तयार मलम आणण्यापेक्षा हे घरचं मला कधीही बरं वाटतं.

तुरीचं काय करायचं, तर फारसं काही नाही. फुलगळ होईल, ती थांबवतो म्हणून कोणी बाटली विकायला आलं तर परत पाठवा. ढगाळ हवा लांबली तर शेंग पोखरणाऱ्या अळीकडे लक्ष ठेवा. पतंगांना वासानं ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस आठ-दहा पतंग दिसले की फवारणीचा विचार, तोपर्यंत निंबोळी अर्क पुरे. वादळाचं हे संकट डिसेंबरातही येऊ शकतं. 'मिचौंग' 2023 साली 5 डिसेंबरला बापटल्याजवळ जमिनीवर आलं होतं.

इशारा असताना खत टाकू नका, फवारू नका, ओलीत करू नका. पुलावरून पाणी वाहत असेल तर बैलबंडी असो की ट्रॅक्टर, अलीकडेच थांबा.

नुकसान झालं तर माल हलवायच्या आधी फोटो काढा, वावराची ओळख पटेल असे. तलाठी आणि कृषी सहायकांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. सरकारी मदतीसाठी 33 टक्के किंवा जास्त नुकसान पंचनाम्यात यावं लागतं आणि सरकारच्या मोबाइल ॲपवरच्या ई-पीक पाहणीत पीक नोंदलेलं नसलं की तिथेच गाडी अडते. पीक विम्याचे नियम राज्यात खरीप 2025पासून बदलले, एक रुपयाचा विमा गेला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे नमुन्याच्या वावरातल्या उत्पन्नावर, आली. 'नुकसान 72 तासांत विमा कंपनीला कळवा' हे जुन्या सवयीनं सगळे सांगतात, पण आपल्या हंगामाच्या पावतीवर काय आहे ते वाचून घ्या.

हरभऱ्याची पेरणी वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आल्यावरच. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर तिफण काढा, चपटा होऊन तसाच राहिला तर अजून दोन दिवस थांबा. तोवर किलोला चार ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळून बियाणं तयार ठेवायला सवड मिळते.