लिमात हॉटेल बुक करताय? आधी या चुका टाळा

पेरूला जाणारी आपली मंडळी माचू पिचूची तयारी सहा-सहा महिने करतात, तिकीट कधी उघडतं, ट्रेन कुठली, उंचीवर त्रास होऊ नये म्हणून काय करायचं, सगळं वहीत लिहिलेलं असतं. आणि राजधानी लिमाचं हॉटेल मात्र एखाद्या रात्री जेवणं आटोपल्यावर मोबाईलवर दहा मिनिटांत बुक होतं, कारण काय तर "एक-दोन रात्रीच तर काढायच्यात". आम्हीही तेच केलं आणि आई-बाबांना रात्री अडीच वाजता लॉबीतल्या सोफ्यावर बसवून ठेवायची वेळ आली. बाबा एकाहत्तर वर्षांचे, तीस तासांचा प्रवास झालेला, पाय सुजलेले. ते काही बोलले नाहीत, पण मला ते अजून आठवतं, म्हणून हे सगळं नीट लिहितेय.

चूक झाली ती तारखेची. आमचं विमान १२ तारखेला रात्री १२.४० ला उतरणार होतं, म्हणून मी हॉटेल १२ तारखेपासून बुक केलं. वरवर बरोबरच वाटतं ना? पण १२ चं बुकिंग म्हणजे १२ च्या दुपारी दोन-तीनला खोली मिळणार. आम्हाला झोपायचं होतं ती रात्र हॉटेलच्या हिशोबात ११ ची! काउंटरवरच्या मुलाने स्क्रीन आमच्याकडे वळवली, १२ वर बोट ठेवलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे दाखवून म्हणाला "दोस दे ला तार्दे", म्हणजे दुपारचे दोन. तो त्याच्या जागी बरोबर होता, हॉटेल फुल होतं. साडेपाचला एक खोली रिकामी झाली तेव्हा कुठे आई-बाबा आडवे झाले.

अमेरिकेहून लिमाला येणारी बरीच विमानं रात्री उशिरा नाहीतर मध्यरात्रीनंतर उतरतात, त्यामुळे हा घोळ फार जणांचा होतो. मध्यरात्रीनंतर उतरत असाल तर आदल्या तारखेपासून बुक करा, आणि तेवढ्यावर थांबू नका, हॉटेलला मेसेज टाका की आम्ही पहाटे दोनला पोचतोय. "येगामोस आ लास दोस दे ला माद्रुगादा", एवढं एक वाक्य. हा मेसेज नसेल तर उलटा वांधा होतो, ११ ला रात्री बारापर्यंत तुम्ही आला नाहीत म्हणून तुम्हाला नो-शो धरून खोली दुसऱ्याला देऊन टाकतात आणि पहिल्या रात्रीचे पैसे कार्डावरून कापतात. परतीचंही तसंच, २० तारखेचं रात्री साडेबाराचं विमान म्हणजे हॉटेलातून १९ च्या संध्याकाळी निघायचंय. मग १९ ची रात्र पण घ्या किंवा लेट चेकआउटचं आधी बोलून ठेवा, नाहीतर दुपारी बारापासून बॅगा घेऊन कुठे बसणार. लिमा आपल्या साडेदहा तास मागे आहे, घरून फोनवर कोणी तारीख सांगत असेल तर तेही डोक्यात ठेवा.

दुसरी मोठी चूक, पत्त्यात डिस्ट्रिक्ट न बघणं. लिमा म्हणजे एक शहर असं आपण म्हणतो पण त्यात ४३ डिस्ट्रिक्ट, म्हणजे शहराचे वेगवेगळे विभाग, आहेत आणि रस्त्यांची नावं पुन्हा पुन्हा तीच येतात. सान मार्तीन, ग्राउ, बोलोग्नेसी ही त्यांच्या इतिहासातली मोठी नावं, आपल्याकडे जसा गावोगावी महात्मा गांधी रोड तसं. टॅक्सीवाल्याला नुसता "सान मार्तीन" म्हणालात तर तो मिराफ्लोरेसला नेईल की बार्रांकोला, सांगता येत नाही. त्यामुळे बुक करताना आणि टॅक्सीत बसताना दोन्ही वेळा रस्ता, नंबर आणि डिस्ट्रिक्ट असं पूर्ण. मी आता पत्ता मोठ्या अक्षरात कागदावर लिहून खिशात ठेवते, मोबाईलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपलेली असते.

मग राहायचं कुठे? पहिल्यांदा जाणाऱ्यांनी, आणि घरातली मोठी माणसं बरोबर असतील तर नक्कीच, मिराफ्लोरेस. समुद्राकाठच्या कड्यावरून मालेकोन म्हणजे फिरायचा लांबच लांब रस्ता आहे, बागा आहेत, रात्री उशिरापर्यंत माणसं चालत असतात, आणि वाका पुक्याना हा मातीच्या विटांचा हजारेक वर्षांहून जुना ढिगारा भर वस्तीत आहे. सान इसिद्रो ऑफिसांचा भाग, शांत आणि महाग. बार्रांको मला स्वतःला सगळ्यात आवडतं, जुने रंगीत वाडे, लाकडी पूल, पण शुक्रवार-शनिवारी रात्री तिथे गाणी-बजावणी उशिरापर्यंत चालते, झोप हलकी असेल तर आतल्या गल्लीत खोली घ्या. मिराफ्लोरेसमध्येही केनेडी पार्कच्या अगदी कडेला, पिझ्झाच्या गल्लीकडे तोंड करून खोली घेऊ नका, तिथे रात्र म्हणजे दिवसच.

जुनं लिमा, म्हणजे मधला ऐतिहासिक भाग, युनेस्कोच्या यादीत १९८८ पासून आहे, तिथल्या लाकडी कोरीव सज्ज्या बघायला एक अख्खा दिवस द्या. पण रात्री राहायला नको. दुकानं बंद झाली की रस्ते ओस पडतात, आणि मोर्चा असो की मिरवणूक, रस्ते तिथलेच बंद होतात. ऑक्टोबरमध्ये सेन्योर दे लोस मिलाग्रोस, म्हणजे चमत्कार करणारा प्रभू येशू, त्याची मिरवणूक असते, जांभळे कपडे घातलेली लाखो माणसं रस्त्यावर, ती बघावीच, पण त्या दिवशी हॉटेल त्याच भागात असेल तर सुटकेस ओढत किती चालावं लागेल याचा नेम नाही. २८-२९ जुलैला त्यांचे स्वातंत्र्याचे दिवस, तेव्हा सगळीकडेच भाव चढलेले असतात.

आणि विमानतळाजवळचं स्वस्त हॉटेल. होर्हे चावेस विमानतळ लिमात नाही, शेजारच्या कायाओत आहे, मिराफ्लोरेसपासून वीसेक किलोमीटर, पण संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास सहज. म्हणून लोकांना वाटतं जवळच राहू. मात्र तिथली वस्ती पायी फिरायची नाही, जेवायला बाहेर पडता येत नाही. आणि हे खास लक्षात ठेवा, जून २०२५ पासून विमानतळ नव्या टर्मिनलमधून चालतो. त्याच्या आधीच्या रिव्ह्यूंमध्ये "टर्मिनलच्या समोरच आहे, बॅग घेऊन चालत गेलो" असं दिसलं तर ते जुन्या इमारतीबद्दल आहे. रिव्ह्यूची तारीख बघा, आणि मॅपवर नवं टर्मिनल टाकून अंतर स्वतः मोजा.

आता समुद्र. इथे आपली फसगत वेगळ्या कारणाने होते. लिमाचा समुद्र आपल्यासारखाच पश्चिमेला आहे, सूर्य पाण्यात बुडतो, त्यामुळे मनात चौपाटी नाहीतर गणपतीपुळे येतं. प्रत्यक्षात मिराफ्लोरेस उंच कड्यावर बसलंय, समुद्र खाली, मधे मोटारींचा हायवे, आणि खाली किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत. लाट परत जाताना त्या गोट्यांचा खळखळ असा जो आवाज येतो तो ऐकत मी तासभर बसले असेन, फार सुंदर आहे, पण मुलांना किल्ले बांधायला तिथे काही नाही आणि हम्बोल्ट नावाच्या थंड सागरी प्रवाहामुळे पाणी गार असतं. "बीच हॉटेल" म्हणून बुक कराल तर मुलं हिरमुसतील.

त्यातून महिना बघितलात का? मे-जूनची आपली सुट्टी म्हणजे तिकडे हिवाळ्याची सुरुवात. साधारण जून ते ऑक्टोबर लिमावर राखाडी ढगांचं झाकण असतं, तिथले लोक त्या आभाळाला "गाढवाचं पोट" म्हणतात, पान्सा दे बुर्रो. पाऊस असा पडतच नाही, नुसती गारुआ, म्हणजे तोंडावर बसणारं धुकट पाणी. पारा पंधरा-अठराला असतो पण दमटपणा इतका की गारवा हाडात शिरतो आणि मध्यम दर्जाच्या हॉटेलात हीटर बहुधा नसतो. तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये सी व्ह्यूचे जास्तीचे पैसे देऊ नका, खिडकीबाहेर पांढरं दिसणार. ते पैसे जाड पांघरूण आणि चांगलं गरम पाणी असलेल्या खोलीवर घाला. डिसेंबर ते मार्च असेल तर मात्र सी व्ह्यू जरूर घ्या, तेव्हा ऊन असतं. अजून एक, बाथरूममध्ये कपडे धुवून वाळत टाकायची आपली सवय हिवाळ्यात तिथे चालत नाही, आमचे मोजे तीन दिवस ओले होते. गल्लीत लावांदेरिया असते, किलोवर कपडे धुवून-वाळवून देतात, ते सोपं.

खोलीच्या प्रकाराचे शब्द पण नीट बघा. "दोब्ले" म्हणजे पेरूत बऱ्याचदा दोन वेगळे पलंग, आणि नवरा-बायकोला एक मोठा पलंग हवा असेल तर शब्द आहे "मात्रिमोनियाल". "इंतेरिओर" लिहिलं असेल तर खिडकी रस्त्यावर नाही, आतल्या चौकात किंवा नुसत्या हवेच्या भोकात उघडते. शांत असते, स्वस्त असते, पण दिवसाही दिवा लावावा लागतो. दोनच रात्री झोपायला हवी असेल तर घ्या, आई-बाबा दुपारी खोलीतच बसणार असतील तर नको. मजल्याचं गणित वेगळं आहे, तळमजल्यालाच ते पहिला मजला म्हणतात, त्यामुळे "दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही" वाचून घाबरू नका, एकच जिना आहे.

आणि नळ! सी म्हणजे कोल्ड असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तिथे सी म्हणजे कालिएंते, गरम. एफ म्हणजे फ्रिओ, गार. आईने पहिल्या सकाळी सी वाला नळ पूर्ण उघडून हात खाली धरला आणि चांगलाच चटका बसला, नशीब फोड आला नाही. मुलं बरोबर असतील तर खोलीत शिरल्या शिरल्या हे सगळ्यांना सांगा. जेट स्प्रे नसतो, कागद कमोडमध्ये न टाकता बाजूच्या डब्यात टाकायचा असतो. नळाचं पाणी पिऊ नका, दात घासायलाही आम्ही बाटलीचंच घेतलं.

पैशाचं. पेरूत हॉटेलवर साधारणपणे १८ टक्के टॅक्स आहे, पण परदेशी पर्यटकाला तो माफ असतो, अट एवढीच की पासपोर्ट आणि देशात शिरल्याची नोंद हॉटेलला दाखवायची आणि मुक्काम ६० दिवसांच्या आत हवा. ही नोंद आता डिजिटल असते, हॉटेलवाले पासपोर्ट मागून कॉपी काढतात, त्यात काळजीचं काही नाही, द्यायचा आणि लगेच परत घ्यायचा. चूक होते ती अशी की चेक-इनला घाईत कागद दाखवले जात नाहीत आणि निघताना बिलात १८ टक्के वाढलेले दिसतात. शंका आली तर तिथेच काउंटरवर "सिन इ-हे-वे" म्हणा, म्हणजे तो टॅक्स न लावता. काही ठिकाणी वर सर्व्हिसचे १० टक्के असतात, ते वेगळे.

कार्डामुळे बुकिंग रद्द होण्याचं आपल्याकडचं कारण वेगळंच आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे २०२० पासून नवीन कार्ड परदेशी व्यवहारांसाठी बंदच असतं, ते बँकेच्या ॲपमधून आपण चालू करायचं. बुकिंग "हॉटेलवर पैसे द्या" प्रकारचं असेल तर हॉटेल आधी कार्ड तपासून बघतं, ते फेल झालं की एक मेल येतो, तो आपण बघत नाही, आणि बुकिंग रद्द. बुक करायच्या आधी ॲपमध्ये जाऊन चालू करा आणि लिमिटही वाढवा. मशीनवर सोल (पेरूचं चलन) की डॉलर विचारलं तर सोल. रोख डॉलर नेत असाल तर कोऱ्या करकरीत नोटा न्या, जराशी फाटलेली नोट कोणी घेत नाही. आणि व्हिसा हातात येईपर्यंत फ्री कॅन्सलेशनचंच बुकिंग करा. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असणाऱ्या भारतीयांना २०१७ पासून वेगळ्या व्हिसाची गरज नाही, पण त्याची किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी, दूतावासाकडून एकदा खात्री करूनच घ्या.

शाकाहारी असाल तर ब्रेकफास्ट इन्क्लुडेड बघून निर्धास्त होऊ नका. पाव, लोणी, चीज, अंडं, पपईचा रस आणि हॅम एवढं साधारण असतं. "सिन कार्ने", म्हणजे मांस नको, म्हणालात तर चिकन येऊ शकतं, कारण कार्ने म्हणजे त्यांच्या बोलण्यात बऱ्याचदा नुसतं बीफ. "सिन पोयो, सिन पेस्कादो", म्हणजे चिकन नको, मासे नको, हेही जोडायचं. चार दिवस राहणार असाल तर छोटं किचन असलेलं अपार्टमेंट घ्या, हे मी अगदी मनापासून सांगते. मसूर तिथे घरोघरी खातात, सोमवारी मसूर खाल्ला तर पैसा टिकतो असं मानतात, भात तर रोजचाच आणि बटाट्याचे इतके प्रकार की बाजारात हरवायला होतं. हळद-हिंगाची पुडी आपली नेली की वरण-भात होतो. आम्ही तो केला त्या रात्री बाबा पहिल्यांदा पोटभर जेवले.

आपली तीन पिनांची प्लग तिथे बसत नाही, ॲडाप्टर घरूनच न्या, वीज मात्र २२० व्होल्टचीच आहे. खोलीजवळच्या भिंतीवर हिरवं-पांढरं एस लिहिलेली पाटी दिसेल, भूकंप झाला तर थांबायची ती जागा, चेक-इन झाल्यावर एकदा बघून ठेवा. आणि हॉटेलशी संबंध नाही तरी सांगते, पेरूहून भारतात परत येताना यलो फीव्हरच्या लसीचं सर्टिफिकेट मागतात, लस निघायच्या किमान १० दिवस आधी घ्यायची, नसेल तर विमानतळावरून थेट क्वारंटाइनमध्ये नेऊ शकतात.

शेवटची रात्र क्युस्कोत, म्हणजे माचू पिचूला जाताना लागणाऱ्या डोंगरातल्या शहरात, ठेवू नका. डोंगरातली हवा बिघडली की तिथली विमानं लांबतात आणि लिमाहून निघणारं तुमचं मोठं विमान चुकतं. एक रात्र लिमात, जमलं तर पहिल्याच हॉटेलात, कारण क्युस्कोला जाताना मोठ्या बॅगा त्यांच्याकडे ठेवता येतात, परत तिथेच येणाऱ्यांकडून बरीच हॉटेलं त्याचे पैसेही घेत नाहीत. माचू पिचूच्या ट्रेनमध्ये मोठी बॅग घेऊ देत नाहीतच. बॅगेची पावती घ्या, आणि त्यावर परत येण्याची तारीख त्यांच्यासमोर लिहून घ्या, मध्यरात्रीनंतर येणार असाल तर तारखेच्या शेजारी वेळही.