घरी मुलांसोबत उपवासकाळ कसा पाळावा

उपवासकाळ म्हणजे ईस्टरच्या, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या, तयारीचे ख्रिस्ती लोकांचे 40 दिवस. सुरुवात भिंतीवरच्या कॅलेंडरपासून करावी. ईस्टर 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढच्या रविवारी असतो, म्हणून तो दरवर्षी सरकतो. 2027 मध्ये तो 28 मार्चला आहे; तेथून रविवार वगळून 40 दिवस मुलाकडूनच मागे मोजून घ्यावेत, म्हणजे 10 फेब्रुवारीचा राखेचा बुधवार, म्हणजे कपाळी राख लावून उपवासकाळ सुरू होतो तो दिवस, सापडतो. रविवार का सोडायचा, असे ते विचारेलच. तो पुनरुत्थानाचा दिवस, म्हणून उपवासात धरत नाहीत, एवढे उत्तर पुरेसे आहे.

त्या बुधवारपासून, रविवार सोडून, रोज संध्याकाळी प्रार्थनेआधी मुलाने एक मूठ ज्वारी रिकाम्या डब्यात टाकावी. लहान बोटांतून चार दाणे खाली सांडतात. ते त्याने स्वतः वेचावेत, घाई करू नये. दिवस मोजणे आणि दानधर्म ही दोन्ही कामे या एका मुठीत होतात, आणि माझ्या मते घरच्या उपवासकाळाचा खरा गाभा हाच आहे. शेवटी चाळीस मुठींचा तो डबा, ज्या घरी यंदा पीक हाती आले नाही तेथे मुलानेच नेऊन द्यावा आणि गावात त्याची वाच्यता करू नये.

मुलांना उपाशी ठेवू नये. कॅथलिक नियमानुसारही 18 वर्षांच्या आतील कोणावर उपवासाची सक्ती नाही, आणि आपल्याकडे मार्चमध्ये शाळेतून परतेपर्यंत ऊन चांगलेच तापलेले असते. मुलाने गोळ्या-चॉकलेट किंवा मोबाईल सोडावा. मात्र आईवडिलांनीही स्वतःची एखादी आवडती गोष्ट सोडलेली त्याला दिसली पाहिजे.

झावळ्यांच्या रविवारसाठी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारसाठी, नाल्याकाठची शिंदी चालते. पानांची टोके काट्यासारखी टोचतात, म्हणून ती मोठ्यांनी आधी विळ्याने छाटावीत आणि मगच क्रूस वळायला द्यावे. हा क्रूस वर्षभर कोनाड्यात ठेवावा, कारण पुढच्या राखेच्या बुधवारची राख परंपरेने अशाच जुन्या झावळ्या जाळून करतात.

कोनाड्यातले कापड आगमनकाळात (नाताळाआधीच्या आठवड्यांत) व उपवासकाळात जांभळे, नाताळ व ईस्टरला पांढरे, पेंटेकॉस्टला (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या पवित्र आत्म्याच्या सणाला) लाल आणि एरवी हिरवे असावे. ते बदलण्याचे काम मुलाकडे द्यावे.

झावळ्यांच्या रविवारीच टोपलीभर मातीत मूठभर गहू पेरून रोज पाणी शिंपडावे. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला तरच पुष्कळ पीक देतो, हे योहानाच्या शुभवर्तमानातील 12 व्या अध्यायातले प्रभूचे बोलणे शेतकऱ्याच्या लेकराला वेगळे समजावावे लागत नाही. ईस्टरच्या पहाटे ती हिरवी टोपली पांढऱ्या कापडावर ठेवावी आणि पेंटेकॉस्टपर्यंत ते कापड काढू नये.